शेतमालाच्या गाडीचे सस्पेन्शन : बदल करावा तो कसा आणि किती?

पीक चांगले आले, तोडणी वेळेवर झाली, प्रतवारी करून क्रेट भरले, म्हणजे आपले काम संपले असे आपण समजतो. प्रत्यक्षात माल बाजारात उतरेपर्यंत काम संपलेले नसते. शेतातून डांबरी सडकेपर्यंतचा कच्चा रस्ता, मधले गतिरोधक, साकव आणि खड्डे यांत टोमॅटो दबतो, द्राक्षाचे मणी गळतात, डाळिंबाच्या सालीवर डाग पडतात. हे नुकसान तोडणीच्या वेळी दिसत नाही. ते आडत्याच्या दुकानात दिसते आणि पट्टीतून वजा होते.

अलीकडे बऱ्याच शेतकरी बंधूंकडे स्वतःची पिकअप, जीप किंवा मोटार असते. गाडी फार आदळते किंवा भरल्यावर मागून बसते, म्हणून पाटे वाढवणे, शॉक ॲब्सॉर्बर बदलणे, स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालणे, हवेच्या पिशव्या बसवणे असे बदल सर्रास केले जातात. कमी-जास्त करता येणारे सुटे भागही आता बाजारात सहज मिळतात. यांतील काही बदल उपयोगी आहेत, काही निरुपयोगी आणि काही सरळ जीवावर बेतणारे आहेत. खर्च करण्यापूर्वी कोणता भाग काय काम करतो हे समजून घेणे आवश्यक आहे. त्या दृष्टीने या लेखात माहिती दिली आहे.

सस्पेन्शनचे घटक व त्यांची कामे

१) स्प्रिंग : गाडीचे व मालाचे वजन पेलणे हे स्प्रिंगचे काम. पिकअपच्या मागील बाजूस बहुधा पोलादी पाटे असतात. काही भागांत त्यांना कमान म्हणतात. टांग्याला असत त्याच जातीच्या या कमानी होत. महिंद्राच्या जुन्या जीपगाड्यांना चारही चाकांवर पाटेच असत. मोटारीला बहुधा गुंडाळीची म्हणजे कॉइल स्प्रिंग असते. काही गाड्यांच्या पुढील भागात पीळ घेणारी सळई असते, तिला टॉर्शन बार म्हणतात.

२) शॉक ॲब्सॉर्बर : गॅरेजमध्ये याला शॉकप म्हणतात. शॉकप वजन पेलतो असा गैरसमज सर्वत्र आढळतो. साधा शॉकप वजन पेलत नाही. दबलेली स्प्रिंग परत उसळते, ती उसळी जिरवणे एवढेच त्याचे काम. त्यातील तेल बारीक छिद्रांतून व झडपांतून ढकलले जाते आणि उसळीची ताकद उष्णतेच्या रूपाने निघून जाते. सतत खराब रस्त्यावर तेलाला फेस येऊन पकड कमी होते; तो फेस आटोक्यात ठेवण्यासाठी काही शॉकपमध्ये दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असतो.

३) बुश, शॅकल व यू-बोल्ट : पाटे चेसीला जोडणारे रबरी बुश, पाट्याला लांब-आखूड होऊ देणारी शॅकल आणि आक्सल पाट्याला आवळून धरणारे यू-बोल्ट हे भाग लहान असले तरी सगळा भार त्यांच्यातून जातो.

४) टायर : टायरमधील हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, आणि कमी-जास्त करता येणारा सर्वांत स्वस्त भाग तोच आहे.

गाडी का उसळते?

पुढील उदाहरण ढोबळ आहे, पण मुद्दा समजण्यास पुरेसे आहे. समजा, एका पिकअपच्या मागील दोन्ही बाजूंचे पाटे मिळून १५० किलो वजनाला १ सेंटिमीटर दबतात. गाडी रिकामी असताना मागील पाट्यांवर ५०० किलो आणि पूर्ण भरल्यावर १५०० किलो वजन येते. म्हणजे रिकामी असताना पाटे सुमारे ३.३ सेंटिमीटर आणि भरल्यावर १० सेंटिमीटर दबतील.

पाटे जितके सेंटिमीटर दबतात त्या आकड्याचे वर्गमूळ काढून त्याने ५ ला भागले, की गाडी सेकंदाला किती वेळा हेलकावते ते मिळते. भरलेली गाडी सेकंदाला सुमारे १.६ वेळा, तर रिकामी सुमारे २.७ वेळा हेलकावेल. रिकामी पिकअप नाचते ती यामुळेच. मोटारगाड्या साधारणपणे सेकंदाला १ ते १.५ वेळा हेलकावतील अशा बेताने बनवलेल्या असतात, म्हणून त्यांत बसलेल्यास आराम वाटतो.

आता गाडी बसते म्हणून पाटे वाढवले व १ सेंटिमीटर दबण्यास २२५ किलो लागू लागले असे समजू. चाक अचानक ५ सेंटिमीटर उंचवट्यावर चढले, तर पाट्यांतून वर बसणारा जादा जोर आणि पाट्यांवरील वजन यांचे प्रमाण असे येते :

मूळ पाटे, पूर्ण भार (१५०० किलो) : ७५० किलो जोर, वजनाच्या निम्मा.
मूळ पाटे, निम्मा भार (१००० किलो) : ७५० किलो जोर, वजनाच्या पाऊणपट.
वाढवलेले पाटे, पूर्ण भार : ११२५ किलो जोर, वजनाच्या पाऊणपट.
वाढवलेले पाटे, निम्मा भार : ११२५ किलो जोर, वजनापेक्षा जास्त.

प्रत्यक्षात टायर आणि शॉकप यांतील काही जोर सोसतात. तरीही शेवटची ओळ महत्त्वाची आहे. धक्का वजनाइतका झाला की उसळी परतताना क्रेट हौद्याचा आधार सोडतो व पुन्हा आदळतो. क्रेटमधील फळेही तशीच उसळतात, एकमेकांवर घासतात आणि आदळतात. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकात फळवाहतुकीवर झालेल्या अभ्यासात सर्वांत वरच्या थरातील फळांना सर्वाधिक इजा होते असे दिसून आले. खालचा थर वजनाने दबतो, तर वरचा मोकळा असल्याने नाचतो. थप्पी स्वतःच स्प्रिंगसारखी वागते, हे त्याचे कारण होय.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पूर्ण भारासाठी कडक केलेली गाडी निम्म्या भाराला फार कडक पडते. ऊस, कांदा किंवा खताची पोती वाहणाऱ्या गाडीने त्याच हंगामात फुले, ढोबळी मिरची वा स्ट्रॉबेरी वाहिली, तर नुकसान ठरलेलेच.

एक अनुभव

प्रस्तुत लेखक कृषिविद्या विषयाचा अध्यापक आहे, मोटार दुरुस्तीचा जाणकार नव्हे. या विषयाकडे लक्ष वेधले गेले ते घरच्या गाडीमुळे. आमचे थोरले बंधू जुन्नर भागातून वाशीच्या बाजारात टोमॅटो नेतात. गाडी भरल्यावर मागून बसते म्हणून त्यांनी एका गॅरेजमध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवून घेतले. गाडी बसायची थांबली, पण पट्टीमध्ये खराब मालाची वजावट वाढली. दोष जातीचा की तोडणीचा, यावर घरात पंधरा दिवस चर्चा झाली.

त्यानंतर एका पहाटे माळशेज घाट उतरताना ब्रेक गरम झाल्याचा वास येऊ लागला आणि पेडल दाबूनही गाडी धरेना. बंधूंनी गाडी पहिल्या गिअरमध्ये घेऊन डोंगराच्या बाजूला लावली, म्हणून निभावले. सोबत माझा पुतण्या होता.

दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी गाडीखाली जाऊन मागच्या आक्सलला जोडलेली एक बारीक दांडी दाखवली. ते म्हणाले, "सर, ही दांडी गाडी किती दबली ते मोजते आणि त्या मानाने मागच्या चाकांना ब्रेक देते. तुम्ही पाटे वाढवले, गाडी दबायची थांबली. आता माल कितीही भरा, हिला गाडी रिकामीच वाटते. मागचा ब्रेक लागतच नव्हता, सगळा भार पुढच्यांवर आला."

बऱ्याच पिकअप व हलक्या मालगाड्यांत भारानुसार मागील ब्रेकचा दाब ठरवणारी अशी झडप असते. पाटे वाढवून, लांब शॅकल लावून किंवा हवेच्या पिशव्या फुगवून गाडीची मागील उंची बदलली, की झडपेचा अंदाज चुकतो. उंची बदलल्यावर ही झडप निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे पुन्हा जुळवून घेणे अत्यावश्यक आहे. आमच्या गाडीचे पाटे वाढवणाऱ्याने ती जुळवली नव्हती, आणि आम्हीही विचारले नव्हते.

बाजारात मिळणारे भाग व त्यांचे गुणदोष

१) जादा पाटे : पाट्यांचा संच समान जाडीच्या सहा पाट्यांचा असेल, तर एक पाटा वाढवल्याने कडकपणा साधारण एक षष्ठांशाने वाढतो. मात्र जाडी वाढवल्यास कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी १० टक्के वाढवली तर कडकपणा सुमारे ३३ टक्के वाढतो. म्हणून "थोडा जाड पाटा टाका" असे मोघम सांगू नये. जादा पाटा कायमचा बसतो. भार कमी झाला म्हणून तो मऊ होत नाही. सदैव एकाच प्रकारचा जड माल वाहणाऱ्यांनीच याचा विचार करावा, तोही नोंदणीतील भारमर्यादेच्या आत राहून.

२) हवेच्या पिशव्या : पाटे व चेसी यांच्यामध्ये, किंवा कॉइल स्प्रिंगच्या पोटात, रबरी पिशवी बसवून तिच्यात हवा भरतात. भार जास्त असेल तेव्हा दाब वाढवावा, गाडी रिकामी झाली की कमी करावा. भार बदलत राहणाऱ्या शेतकऱ्यास हा पर्याय जादा पाट्यांपेक्षा सोयीचा आहे. मात्र हवा पूर्ण सोडू नये. पिशवी चिमटून फाटते. निर्मात्याने दिलेला किमान दाब ठेवावा. दोन्ही बाजूंचा दाब समान असावा. नळी सायलेन्सरपासून दूर न्यावी. पिशवी फुटली तरी गाडी मूळ पाट्यांवर सुरक्षित उभी राहील इतकाच भार भरावा.

३) कमी-जास्त करता येणारे शॉकप : यांवर एक चकती किंवा स्क्रू असतो. तो फिरवल्याने तेलाची वाट अरुंद किंवा रुंद होते. साध्या प्रकारात बहुतेक वेळा स्प्रिंग परत उलगडण्याचा वेग बदलतो. महागड्या प्रकारात दबण्याचा व उलगडण्याचा वेग स्वतंत्रपणे बदलता येतो. फार मऊ ठेवल्यास गाडी हेलकावत राहते. फार कडक ठेवल्यास प्रत्येक खडा हौद्यापर्यंत पोचतो. उलगडण्याची बाजू फार आवळल्यास एका खड्ड्यातून स्प्रिंग पूर्ण उलगडण्याआधीच दुसरा खड्डा येतो, आणि गाडी हळूहळू खाली बसत जाऊन तळाला आदळू लागते.

पाटे वाढवून शॉकप तसाच ठेवणे म्हणजे पिकाला नत्र वाढवून पालाश विसरण्यासारखे आहे. स्प्रिंग जितकी कडक, तितकी तिची उसळी जिरवण्याची गरज जास्त.

४) कॉइलओव्हर : यात शॉकपच्या आट्यांच्या नळीवर कॉइल स्प्रिंग बसवलेली असते. खालची रिंग फिरवून गाडीची उंची बदलता येते. रिंग आवळली म्हणजे स्प्रिंग कडक झाली, असा समज आहे. तो बरोबर नाही. समजा, स्प्रिंग ५ किलोला १ मिलिमीटर दबते व चाकावर ३०० किलो वजन आहे. वजनामुळे ती एकूण ६० मिलिमीटरच दबणार. रिंग १० मिलिमीटर वर नेली, तर गाडी सुमारे तेवढी वर उभी राहील. कडकपणा तोच राहील. कडकपणा बदलण्यासाठी स्प्रिंगच बदलावी लागते. हे संच मुख्यतः सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या, खाली बसवलेल्या मोटारींसाठी केलेले असतात. शेतरस्त्यावर गाडी खाली करण्यात शहाणपण नाही. चेंबर आणि सायलेन्सर दगडाला लागतील. घरच्या मोटारीसाठी मूळ उंचीच्या स्प्रिंगबरोबर चांगल्या प्रतीचे, शक्य तर कमी-जास्त करता येणारे शॉकप पुरेसे असतात.

५) कॉइलमधील रबरी बफर : हे स्प्रिंगच्या दोन फेऱ्यांमध्ये दाबून बसवतात. गाडी किंचित उंच होते, पण त्या जागच्या फेऱ्यांची हालचाल कमी होते व स्प्रिंग कडक होते. थकलेल्या स्प्रिंगवर हा तात्पुरता उपाय आहे, दुरुस्ती नव्हे.

६) लांब शॅकल व ठोकळे : शॅकल २ इंच लांब केली तर गाडी सुमारे १ इंच उचलते. मागील भाग उचलल्याने पुढील चाकांचा मागे कललेला कोन कमी होतो. त्यामुळे स्टिअरिंग हलके व भिरभिरते होते. पाटा आणि आक्सल यांमध्ये उंच ठोकळे घातल्यास जोरात ब्रेक लावताना पाट्याला पीळ बसतो. पुढील आक्सलला ठोकळे कधीही घालू नयेत.

७) टॉर्शन बारचा बोल्ट : हा आवळल्याने पुढील उंची वाढते, कडकपणा वाढत नाही. उंची बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावेच लागते.

बदल करण्यापूर्वी तपासणी

माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नये, तसेच तपासणीशिवाय सुटे भाग घेऊ नयेत. अनेकदा नवीन भागाची गरजच नसते. जुना भाग थकलेला असतो.

१) सपाट जागी, टायरमध्ये योग्य हवा भरून, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहावे. गाडी रिकामी व भरलेली, अशी दोन्ही मापे घ्यावीत. डाव्या-उजव्या बाजूंत ठळक फरक असेल, तर स्प्रिंग थकली आहे किंवा पाटा तुटला आहे.

२) गाडीचा एकेक कोपरा जोराने खाली दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन स्थिर व्हावी. ती दोन-तीनदा हेलकावली तर शॉकप निकामी समजावा. भरभक्कम पाट्यांच्या गाडीत ही चाचणी हाताने नीट जमत नाही. अशा वेळी शॉकप एका बाजूने सोडवून हाताने ओढून पाहावा. दोन्ही दिशांना मध्ये न तुटणारा, एकसंध विरोध जाणवला पाहिजे.

३) शॉकपवरून तेलाचे ओघळ येत आहेत का, टायर ठिकठिकाणी खोलगट झिजले आहेत का, हे पाहावे.

४) बुश, शॅकल पिन, यू-बोल्ट व मधला बोल्ट तपासावेत. पाट्यांवर भेग असल्यास पाटा बदलावा. पाट्याला वेल्डिंग करू नये, गॅसने तापवू नये. पोलादाचे पाणी उतरते आणि पाटा अवचित तुटतो.

५) टायरमधील हवा पाहावी. काही गाड्यांच्या पुस्तिकेत रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे दाब दिलेले असतात. हलका माल नेतानाही पूर्ण भाराचा दाब ठेवला, तर टायर दगडासारखा वागतो. टायर थंड असताना, पुस्तिकेतील आकड्याप्रमाणेच हवा भरावी. त्यापेक्षा कमी हवेवर माल वाहू नये. टायर तापून फुटतो.

जोडणी व जुळवणीची पद्धत

सुटे भाग नेहमी जोडीने, म्हणजे एका आक्सलच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी बदलावेत. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी जॅकवर नसावी, स्वतःच्या वजनाने चाकांवर उभी असावी. नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. यू-बोल्ट नवीन वापरावेत व सुमारे ५०० किलोमीटरनंतर ठरवून दिलेल्या ताकदीने पुन्हा आवळावेत. उंची वाढली असल्यास चाक पूर्ण लोंबकळल्यावर शॉकप किंवा ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे पाहावे. शेवटी ब्रेकची भारझडप, चाकांचे अलाइनमेंट आणि हेडलाइटचा कोन या तिन्हींची जुळवणी करावी.

कमी-जास्त करता येणारा शॉकप जुळवताना पुढीलप्रमाणे करावे :

अ) चकती पूर्ण आवळून, तेथून किती टिचक्या मागे घेतल्या हे मोजून लिहावे.
आ) सुरुवात निर्मात्याने सांगितलेल्या, किंवा ते नसेल तर मधल्या स्थितीपासून करावी.
इ) एका वेळी एकच बदल करावा, दोन टिचक्यांपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजू समान ठेवाव्यात.
ई) तोच रस्ता, तोच वेग आणि तोच भार ठेवून तुलना करावी.

फळांना काय वाटते ते पाहावे

ड्रायव्हरला आराम वाटला म्हणजे माल सुरक्षित पोचला, असे नव्हे. याची परीक्षा मालावरच करावी. आपण नवीन वाणाची तुलना जुन्या वाणाशी करतो, तसाच हा छोटा प्रयोग आहे.

एकाच तोडणीतील, एकाच प्रतीचे नऊ क्रेट निवडावेत. तीन तळाला, तीन मधल्या थरात व तीन वरच्या थरात ठेवावेत. प्रत्येक थरातील एक पुढे, एक मध्ये आणि एक मागच्या टोकाला असावा. क्रेटवर खूण करावी. त्याच मालाचा एक क्रेट घरी सावलीत ठेवावा, तो तुलनेसाठी. बाजारात उतरल्यावर, आणि शक्य तर दुसऱ्या दिवशीही, प्रत्येक क्रेटमधील दबलेली, फुटलेली व डागाळलेली फळे मोजावीत. सस्पेन्शनमध्ये बदल करण्यापूर्वी तीन फेऱ्या आणि नंतर तीन फेऱ्या अशा नोंदी ठेवल्या, तर पैसे वसूल झाले की नाही हे कोणाला विचारावे लागणार नाही. फेरीमागे वाचलेले किलो, त्याला त्या दिवसाचा भाव आणि हंगामातील फेऱ्या यांचा गुणाकार करावा व तो खर्चाशी ताडून पाहावा.

आम्ही घरच्या गाडीचे जादा पाटे काढून टाकले, मूळ संख्येचे पाटे ठेवले, गळके शॉकप बदलले, भारझडप जुळवली आणि हलक्या भाराला टायरची हवा पुस्तिकेप्रमाणे ठेवली. वजावट पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आली. हवेच्या पिशव्यांचा विचार बंधूंनी पुढील हंगामावर ठेवला आहे.

मालाची मांडणीही तितकीच महत्त्वाची आहे. मागील आक्सलच्या पलीकडे लोंबणारा हौद्याचा भाग सर्वांत जास्त हलतो. तेथे नाजूक माल ठेवू नये. क्रेट काठोकाठ भरू नयेत. वरच्या थरावर कागद किंवा फोमचे आच्छादन टाकून जाळीने थप्पी घट्ट बांधावी, म्हणजे वरचा क्रेट नाचणार नाही.

कायदा व विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळ ठरवलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रात दाखवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. थकलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा भाग बसवणे ही दुरुस्ती होय. उंची, पाट्यांची संख्या किंवा भार पेलण्याची रचना बदलायची असेल, तर आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. सुटा भाग घेताना त्याच्या मंजुरीची कागदपत्रे मागावीत. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वाहने व त्यांचे भाग तपासून प्रमाणित करते.

पाटे वाढवल्याने गाडीची भारमर्यादा वाढत नाही. आक्सल, चाके, टायर, ब्रेक आणि चेसी पूर्वीइतकीच असतात. मर्यादेपेक्षा जास्त भारासाठी कलम १९४ मध्ये वीस हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. बदल विमा कंपनीस लेखी कळवावा. न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतरचा दावा अडचणीत येऊ शकतो.

थोडक्यात

१) आधी टायरची हवा, बुश, यू-बोल्ट व शॉकप तपासावेत; नंतरच नवीन भागाचा विचार करावा.
२) स्प्रिंग वजन पेलते, शॉकप उसळी जिरवतो. एकाचे काम दुसऱ्यावर ढकलू नये.
३) भार सतत बदलत असेल तर कायमचे जादा पाटे टाळावेत.
४) उंची बदलली की ब्रेकची भारझडप, अलाइनमेंट व हेडलाइट जुळवावेत. घाटातून जाणाऱ्यांनी हे कदापि विसरू नये.
५) एका वेळी एकच बदल करून खूण केलेल्या क्रेटवर त्याचा परिणाम मोजावा.

हंगाम सुरू होण्यापूर्वी एक दुपार काढून गाडीखाली एकदा वाकून पाहावे. मागच्या आक्सलपाशी ती बारीक दांडी आपल्या गाडीला आहे का आणि ती सैल किंवा वाकलेली तर नाही ना, हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.